डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग : एका रस्त्याची ओळख

मुंबईत भायखळ्यापासून लालबाग, परळ, दादर, माटुंगा करीत शीवकडे जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. थोर पुरुषांची नावे रस्त्यांना देण्याची प्रथा जुनीच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या पुरुषाचा आणि रस्त्याचा संबंध केवळ पाटीपुरता असतो. या रस्त्याचे तसे नाही. बाबासाहेबांच्या मुंबईतील जीवनाचा मोठा भाग याच रस्त्याच्या आसपास गेला. विद्यार्थी बंधु-भगिनींना हे ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाटीवाटीची, हवा-उजेड नसलेली वस्ती हे रोगाचे मूळ मानले गेले आणि १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. या ट्रस्टने दोन प्रकारची कामे केली. एकीकडे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच आजच्या बी. आय. टी. चाळी होत. दुसरीकडे दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून रुंद रस्ते, बागा व मध्यमवर्गीयांच्या वसाहती उभारल्या. या रस्त्याच्या वेगवेगळ्या भागांना तेव्हा व्हिन्सेंट रोड, किंग्ज वे अशी साहेबी नावे होती.

रस्त्याचा लालबाग-परळचा भाग म्हणजे गिरणगाव. कोकणातून व देशावरून आलेला आपला समाज येथे गिरण्यांत राबला. परंतु अस्पृश्यता गिरणीच्या फाटकाबाहेर राहिली नव्हती. साळखात्यात धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळ होतो असे म्हणून जादा मजुरीच्या त्या खात्यात आपल्या लोकांना घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

याच परळात, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत, बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. जवळच दामोदर हॉल होता. ९ मार्च १९२४ रोजी तेथे भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला आणि त्याच वर्षी २० जुलैला ती स्थापन झाली. तिचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. शिक्षणप्रसार, वसतिगृहे, वाचनालये ही तिची कामे. आज आपल्यासारख्या संस्था जे कार्य करीत आहेत, त्याचे बीज तेथे आहे.

पुढे याच रस्त्यालगत दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी घर बांधले आणि त्यास मगधाच्या प्राचीन राजधानीवरून ‘राजगृह’ हे नाव दिले. ते बांधताना राहण्याच्या जागेइतकाच ग्रंथांच्या जागेचा विचार केला होता. माता रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी याच वास्तूत झाले. चाळीपासून राजगृहापर्यंतचे अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर असेल. परंतु ते कापण्यासाठी केवढी विद्या आणि केवढे कष्ट खर्ची पडले, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

१६ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा समारंभ व्हावयाचा होता. तत्पूर्वीच ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला राजगृहातून महायात्रा निघाली. ती व्हिन्सेंट रोडने परळकडे, पोयबावडीवरून एल्फिन्स्टन पूल ओलांडून दादरच्या समुद्रकिनारी गेली. म्हणजे ज्या वस्तीत त्यांनी संसार केला व चळवळ उभारली, तिच्याजवळूनच त्यांची अखेरची यात्रा गेली. त्याच दिवशी अंत्यविधीच्या ठिकाणी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. कालांतराने त्या रस्त्यास बाबासाहेबांचे नाव मिळाले.

तेव्हापासून रस्ता पुष्कळ बदलला. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम थांबली. दादर टी. टी. या नावात मात्र ट्राम टर्मिनस अजून शिल्लक आहे. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जागी टोलेजंग इमारती आल्या. २०११ पासून लालबागचा उड्डाणपूल या साऱ्यावरून वाहने नेतो. खाली काय होते, हे वरून जाणाऱ्यास दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बँकेत येणाऱ्या अर्जांवर या रस्त्याचा पत्ता बहुधा ‘डॉ. बी. ए. रोड’ असा लिहिलेला असतो. लिहिणाऱ्यांत आपलेही लोक असतात. जागा कमी असते हे खरे, परंतु दोन अक्षरांत नाव दडले की इतिहासही दडतो. नव्या पिढीने बी. ए. ही केवळ पदवी समजावी, असे आपणास वाटते काय?

तेव्हा धम्मबांधवांना नम्र विनंती की, पत्ता लिहिताना पूर्ण नाव लिहावे. मुलांना परळची चाळ, दामोदर हॉलची जागा व राजगृह ही ठिकाणे एकदा तरी पायी चालत दाखवावीत. पाटी महानगरपालिका लावते. तिचा अर्थ जपण्याचे काम आपले आहे.

जय भीम!