एक चाक नाचतं, दुसरं रुसतं!

पावसाळ्यात खान्देशची काळी माती टायरला बिलगली की सोडायचं नाव घेत नाही. नंबर प्लेट धुळ्याची ‘एमएच १८’ असो की जळगावची ‘एमएच १९’, गाळापुढे सगळ्या सारख्याच! अशा वेळी गाडी तरते की रुतते, हे ठरवतो मागच्या ॲक्सलच्या पोटात दडलेला एक हिरो. चला, त्याला भेटू!

रिक्षातला फ्रेंच पाहुणा
माहीत आहे का? वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतो तो डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. आज तो जळगावच्या ऑटोरिक्षातही आहे!

भुसावळला सुट्टी!
भुसावळला थांबणाऱ्या रेल्वेच्या डब्याला मात्र डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट! मग वळण कसं जमतं? चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित निमुळता असतो. वळणावर बाहेरचं चाक मोठ्या घेरावर धावतं, आतलं लहान घेरावर. गिअर शून्य, काम फत्ते!

फोर बाय फोर, तरी कमजोर?
साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटतो. एक चाक चिखलात गरगरलं की त्याला लागणारा जोर नगण्य, मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच! म्हणूनच फोर बाय फोर गाडीसुद्धा पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरवत जागच्या जागी उभी राहू शकते.

चढणारी एलएसडी
यावर उतारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी. ही डोक्यात चढत नाही, गाडीला घाट चढवते! घसरत्या चाकाला आवरून ती जोर दुसऱ्याकडे वळवते. १९३५ मध्ये मोटार अभियंते पोर्श यांनी रेसिंग कारची मागची चाकं घसरू नयेत म्हणून जर्मनीच्या झेडएफकडून ती बनवून घेतली. शर्यतीतली पोर आता शिवारात!

टाचेखालचं लॉक
माहीत आहे का? रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हा खेळ जुनाच! बहुतेक ट्रॅक्टरना दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफ लॉकचं पेडल असतं. नियम एकच: सरळ जाताना दाबा, वळण्याआधी सोडा.

महाराष्ट्राचे मल्ल
पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक घेऊन येते. महिंद्राच्या थारमध्ये काही मॉडेल्सना मागे आपोआप लागणारं लॉक मिळतं. आणि बोलेरो निओ? ती फोर बाय फोर नाहीच, तरी एन-१० (ओ) मॉडेलला असंच लॉक आहे!

कोर्टात डिफरन्शियल
‘माय कझिन व्हिनी’ या १९९२ च्या हॉलिवूडपटात अख्खा खटला फिरतो तो टायरच्या दोन सारख्या खुणा आणि एलएसडी यांवर. साक्ष देणाऱ्या नायिकेच्या भूमिकेसाठी मरिसा टोमेईला थेट ऑस्कर!

सेकंडहँड घेताय? वाका जरा!
बोनेट सगळेच उघडतात. तुम्ही डिफरन्शियलच्या हाउसिंगचं, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचातलं तेल बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर समजा आत पाणी शिरलंय. कसं? तापलेलं हाउसिंग नाल्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते. ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची वाट, तुंबलेला असेल, तर सीलमधून पाणी ओढलं जातं. टीचभर ब्रीदर, केवढा कारभार!

आधी वरचा बोल्ट!
तेल बदलताना पहिल्यांदा भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि तेल आधीच सांडलेलं असलं, तर गाडी तिथेच अडकली! खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक काळा लगदा चालतो. लोखंडाचे तुकडे दिसले, तर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गिअर, मदत मागतायत.

‘९० नंबर’ सगळ्यांना चालत नाही
क्लच प्लेटवाल्या एलएसडीला नेहमीचं ‘९० नंबर’ गिअर ऑइल नाही, तिच्यासाठीचंच तेल लागतं. भलतंच भरलं तर सावकाश वळताना मागून कटकट आणि हादरे सुरू. प्रत्येक वेळी प्लेटा झिजल्या असं नसतं, आधी तेल बदलून बघा!

जोडी हवी जुळी
एका ॲक्सलवर एक टायर नवा, एक गुळगुळीत? दोघांचा घेर वेगळा, म्हणून सरळ रस्त्यावरही एलएसडी राबतच राहते. टायर बदलायचे तर जोडीनं!

जॅकवर धाडस नको!
एलएसडी असलेली गाडी एका बाजूनं उचलून गिअरमध्ये टाकू नका. जमिनीवरचं चाक जोर धरतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते!

गाडी तोरणमाळच्या घाटात न्यायची असो की पालच्या जंगलात, सेकंडहँडचा सौदा ठरवण्याआधी अर्धा तास हाउसिंगखाली घालवा. योग्य तेलाचा डबा नव्या क्राउन-पिनियनपेक्षा केव्हाही स्वस्तच!