थीसियसचें जहाज व आपले पोथीपाठ

अथेन्सकरांनीं थीसियस राजाचें तीस वल्ह्यांचें जहाज पिढ्यान् पिढ्या जपिलें होतें. कुजलेली फळी काढावी, तेथें नवी बसवावी, असें चालतां चालतां तें मूळचेंच राहिलें कीं निराळें झालें, असा वाद तत्त्वज्ञांत माजला, असें प्लूटार्क लिहितो. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत भर घातली : काढलेल्या फळ्या जपून कोणी पुन्हां जोडल्या, तर खरें जहाज कोणतें ? आपणांसही हा प्रश्न नवा नाहीं. मिलिंदपञ्हांत नागसेन रथाचा एकेक अवयव घेऊन ‘हा रथ काय ?’ असें विचारतो; आणि ऐकणारा राजा यवनच आहे !

पोथीसंग्राहकांस हें कोडें केवळ बुद्धिविनोदाचें नव्हे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनीं ती शके १५०६ मध्यें शुद्ध केली. मधल्या २९४ वर्षांत शिरलेले अपपाठ त्यांनीं काढिले, आणि यापुढें कोणीं पदरची ओवी घालूं नये असेंही बजाविलें. फळ्या बदलणाऱ्या हातानेंच पुढील बदलास बंदी केली ! पुढें वि. का. राजवाडे यांनीं, एकनाथपूर्व म्हणून मानिलेल्या पोथीवरून, शके १८३१ त ज्ञानेश्वरी छापिली. हॉब्जचें दुसरें जहाज तें हेंच. दोहोंपैकीं एकच खरी, असा हट्ट मला पटत नाहीं. नाथांचा हेतु जुनें राखण्याचा होता. परंतु त्या खटपटींत त्यांच्या हातून पाठनिर्णयाचें एक नवेंच कार्य घडलें. नवनिर्मिति पुष्कळदां अशी दुरुस्तीच्या आडून येते.

लीळाचरित्राची कथा याहून बिकट आहे. म्हाइंभटाची मूळ पोथी धाडींत गेली व हिराइसेच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हां सिद्ध झाला, असें महानुभाव परंपरा सांगते. तेथें एकही जुनी फळी उरली नाहीं, आणि स्मरणभेदानें पाठही अनेक झाले. तरी ग्रंथ तोच, असेंच सांप्रदायिक मानीत आले. ज्यांत तत्त्व नष्ट होत नाहीं तेंही नित्यच, हा महाभाष्यकारांचा विचार येथें ग्रीकांच्या वादापेक्षां अधिक उपयोगीं पडतो.

आमच्या मारेगाव-वणीकडे काय किंवा अन्यत्र काय, बस्ता उलगडतांना सर्वांत जुनी प्रत तेवढी उचलून बाकीच्या टाकण्याचा मोह होतो. हें घातक आहे. अलीकडच्या प्रतींतही, हरवलेल्या एखाद्या जुन्या प्रतीचा पाठ उतरलेला असूं शकतो. हरताळाखालचें अक्षर उजेडाकडे धरून वाचावें, समासांतील शोध टिपावे, आणि पुष्पिकेंतील शक, लेखकाचें नांव व गांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें.