स्वीकृत, पण अप्रकाशित

डोंबिवली हे नोकरदारांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि या नोकरदारांत अध्यापकांचा भरणा मोठा आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पलीकडे कर्जत-कसाऱ्याच्या वाटेवरील महाविद्यालयांत शिकविणारी मंडळी येथून रोज सकाळी लोकल पकडतात. यांतले दोघे भेटले की महागाई आणि मध्य रेल्वे यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघतो : संशोधनपत्रिकेकडे पाठविलेल्या लेखाचे काय झाले? उत्तर बहुधा ठरलेले असते. लेख पोचला आहे, स्वीकारलाही गेला आहे. अंक मात्र निघालेला नाही.

हा विलंब संपादकांच्या आळसामुळे होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अन्यायाचा आहे. मराठीतील बहुतेक संशोधनपत्रिका एखाद्या मंडळाच्या वा परिषदेच्या आश्रयाने, तुटपुंज्या वर्गणीवर आणि दोन-तीन माणसांच्या विनावेतन कष्टांवर चालतात. पत्रव्यवहार, मुद्रितशोधन, छापखान्याचे हेलपाटे आणि अंक टपालात टाकणे ही सारी कामे बहुधा संपादकालाच पाहावी लागतात. पैसा किंवा मजकूर कमी पडला की दोन अंकांचा एक ‘जोडअंक’ निघतो. जुन्या त्रैमासिकांच्या बांधीव खंडांवरून नुसती नजर फिरविली, तरी ही सोय किती पिढ्यांची आहे ते कळते.

तथापि खरा खोळंबा छापखान्यात नसतो. लेख आल्यावर तो विषयातील दोघा जाणकारांकडे परीक्षणार्थ जावा, असा संकेत आहे. एखाद्या अरुंद विषयाचे मराठीतून वाचणारे-लिहिणारे जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी एक लेखकाचा मार्गदर्शक असतो, दुसऱ्याचे त्याच्याशी जुने वाकडे असते आणि तिसरा सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत गेलेला असतो. उरतो तो चौथा. तोही कोठल्यातरी महाविद्यालयात शिकवीत असतो आणि रात्री आठ वाजता गर्दीतून घरी परततो. त्याच्या मेजावर दोन गठ्ठे असतात. उत्तरपत्रिका तपासण्याचे विद्यापीठ मानधन देते आणि त्यासाठी तारीखही बांधून देते. लेख तपासण्याला बहुधा मानधन नाही, तारीख नाही आणि पदोन्नतीच्या हिशेबात त्याला फारसे वजनही नाही. कोणता गठ्ठा आधी संपतो, हे सांगावयास नको.

दुसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. समजा, एखादे त्रैमासिक अंकामागे आठ, म्हणजे वर्षाला बत्तीस लेख छापू शकते. भिडेखातर म्हणा वा उत्तम लेख सोडवत नाहीत म्हणून म्हणा, संपादक दरवर्षी चाळीस लेख स्वीकारतो. पहिल्या वर्षी आठ लेख शिल्लक राहतात. ते जाणवतही नाहीत. चौथ्या वर्षाच्या अखेरीस शिल्लक बत्तिसांवर जाते, म्हणजे त्यानंतर स्वीकारलेला प्रत्येक लेख पूर्ण एक वर्ष नुसता रांगेत उभा राहतो. अंक वेळेवर निघत आहेत, परीक्षकांनी चालढकल केलेली नाही, तरीही विलंब वाढतोच आहे! ‘नाही’ म्हणण्याचा संकोच हे त्याचे मूळ.

हा संकोच पूर्वीही होता. मात्र त्यावर लेखांचा पूर लोटला तो नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधलेख प्रसिद्ध झाला पाहिजे अशी अट घातली. ती २०२२च्या नियमावलीने गेली; परंतु २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी किमान दहा शोधलेखांची अपेक्षा आहे. देशभरच्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी लेखक होणे भाग पडले. त्यांच्यापैकी किती जणांना खरोखर काही सांगावयाचे होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. लेख वाढले, पत्रिकांची पाने वाढली नाहीत आणि परीक्षक तर मुळीच वाढले नाहीत.

जेथे रांग लांबते, तेथे दलाल उभा राहतो. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असे सांगणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतील सुमारे ८८ टक्के नियतकालिके हिणकस असण्याचा संभव होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने चार हजारांहून अधिक नावे गाळली. पुढे पुण्याच्या विद्यापीठाच्या साहाय्याने ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद करून पारखण्याचा भार आयोगाने पुन्हा संस्थांवर सोपविला. या सगळ्या उलथापालथीत प्रामाणिकपणे रांगेत थांबलेल्या अध्यापकाची पंचाईत झाली. लेख स्वीकारला जातो तेव्हा यादीत असलेले नियतकालिक तो छापून येईपर्यंत यादीत राहील, याची शाश्वती त्याला कोण देणार?

पदरचे पैसे घालून छापणे हे आपल्याकडे नवे नाही. डहाणूस जन्मलेले आणि ठाण्यास शाळेत शिकलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येचा नवलाचा गुणधर्म त्यांनी १९४९च्या मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. आपले पुष्कळसे काम त्यांना स्वतःच पुस्तिकारूपाने छापावे लागले, आणि जगाला त्यांचे नाव कळले ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिल्यानंतर. कापरेकरांनी पैसे खर्चिले ते सांगावयाचे होते म्हणून. आजचा अध्यापक खर्चितो तो मोजले जावे म्हणून.

विलंब सर्वत्रच आहे, असे यावर सांगितले जाते आणि ते खोटे नाही. फिनलंड व अमेरिकेतील दोघा अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, लेख पाठविल्यापासून तो छापून येईपर्यंत रसायनशास्त्रात सरासरी नऊ महिने, तर व्यवसाय व अर्थशास्त्रात अठरा महिने लागतात, असे आढळले. यांतला काही काळ सत्कारणी लागतो. परीक्षकाने दाखविलेली चूक दुरुस्त करण्यात गेलेले तीन महिने वाया गेले असे म्हणता येणार नाही. न उघडलेल्या पाकिटात गेलेले तीन महिने मात्र निश्चितच वाया गेले. या दोहोंची गल्लत करूनच आपल्याकडे विलंबाचे समर्थन होते.

कालहरणाची किंमत विज्ञानाला चांगली ठाऊक आहे. प्रकाशाच्या विकिरणाची नवी घटना १९२८च्या फेब्रुवारीत मॉस्कोत लँड्सबर्ग व मांडेलश्टाम यांनाही दिसली होती, आणि तीही रामन यांच्या काही दिवस आधी. रामन यांनी २८ फेब्रुवारीच्या निरीक्षणाची बातमी दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांना दिली; ३१ मार्चच्या ‘नेचर’मध्ये त्यांचे टिपण आले. रशियनांचा लेख जुलैत प्रसिद्ध झाला. १९३०चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले.

शिलाहारांच्या एखाद्या शिलालेखावरील लेख दोन वर्षे उशिरा आला तर शिलालेखाचे काही बिघडत नाही. बिघडते ते अभ्यासकाचे. सर्व विषयांची गोष्ट अशी नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी भीषण स्फोट झाला. २०२०च्या फेब्रुवारीत तेथील रस्ता रसायनांनी गुलाबी झाला. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला. येथील हवेचे, नाल्यांतील पाण्याचे, कारखान्यांना खेटून उभ्या राहिलेल्या घरांचे मोजमाप जर कोणी अभ्यासकाने केले, तर ते त्याच वर्षी रहिवाशांच्या व महापालिकेच्या हाती पडले पाहिजे. दोन वर्षांनी छापलेल्या आकड्यांवर अधिकाऱ्यांचे उत्तर तयार असते : ही जुनी स्थिती आहे, आता सुधारणा झाली आहे. ते खरे की खोटे हे ठरविण्यास पुन्हा नवा अभ्यास हवा आणि त्यालाही पुन्हा तीच रांग!

उपाय फार खर्चाचे नाहीत. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग सतराव्या शतकात आलेल्या पत्रांवर मिळाल्याची तारीख नोंदवीत. हल्ली जगातील अनेक नियतकालिके प्रत्येक लेखाखाली तो मिळाल्याची व स्वीकारल्याची तारीख छापतात. मराठी पत्रिकांनीही ही रीत सरसकट स्वीकारावी. मग विलंब कोठे झाला ते वाचकालाच दिसेल. नकार द्यावयाचा असेल तर तो महिन्याभरात द्यावा. स्वीकारलेला लेख अंकाची वाट न पाहता संकेतस्थळावर ठेवण्यास कागदाचा खर्च नाही. आणि परीक्षकाचे काम हे परीक्षेचेच काम आहे हे विद्यापीठांनी मान्य करून, आपल्या अध्यापकांनी तपासलेल्या प्रत्येक लेखामागे उत्तरपत्रिकांच्या एका गठ्ठ्याइतके मानधन द्यावे. उत्तरपत्रिकांप्रमाणेच त्या लेखालाही परत करण्याची तारीख घालून द्यावी.