दिघी, शेखाडी आणि एक बेवारशी बोट

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ बेवारशी बोट सापडली. आत तीन ए. के. ४७ रायफली. दुसऱ्या दिवशी रोह्याहून पेणला येताना वडखळला नाकाबंदीत आमची एस. टी. अडली. प्रवासी कुरकुरले. मला मात्र गोंडघर फाटा आठवला. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरलेला चोरटा माल पोलिसांनी तिथे अडवला, आणि लाच घेऊन सोडला! फेब्रुवारीत शेखाडीला आर. डी. एक्स. उतरले, १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली.

संशयित वस्तू सापडली की पोलीस दोन कामे एकदमच करतात. रस्ते रोखायचे, आणि मालक कोण, बोट निघाली कुठून, खलाशी कुठे, हे जुळवायचे. ही बोट ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, इंजिन बिघडल्यामुळे सोडलेली ठरली. घातपाताचा संबंध आढळला नाही. तरी पुढचा गणपतींचा टेम्पो हवालदाराने उघडून पाहिलाच.