सायकलचा इंडिकेटर: दिवा पेटला, पण प्रयोग झाला का?

"उपकरण तयार आहे, चालतंय. आता पुढे काय?" संशोधनाला सुरुवात करताना हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. त्याचं उत्तर एका साध्या वस्तूवर शोधूया: सायकलला घरी बनवून बसवलेला इंडिकेटर.

आधी प्रश्न नीट मांडा. "इंडिकेटर बनवणे" हे झालं काम. प्रश्न असा: मी कुठे वळणार हे मागून येणाऱ्याला, वेग कमी करायला वेळ मिळेल इतक्या लांबून, बरोबर कळतं का? आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात. म्हणजे उजवीकडे वळणारा सायकलवाला थेट मागच्या गाड्यांच्या वाटेत येतो. तिथे चुकीचा इशारा हा इशारा नसण्यापेक्षा वाईट.

आता बांधणी. चार पेन्सिल सेल म्हणजे ६ व्होल्ट, एक ५५५ टायमर आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन पिवळे एलईडी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. ५५५च्या नेहमीच्या अस्टेबल जोडणीत पहिला रेझिस्टर १० किलोओहम, दुसरा ४७ किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरड घ्या. सूत्र सोपं आहे: पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर; १.४४ला या संख्येने भागा. उत्तर येतं सेकंदाला साधारण १.३८, म्हणजे मिनिटाला ८३ उघडझाप. मोटारींच्या इंडिकेटरला नियमाने ६० ते १२० चालतात, म्हणजे आपण मर्यादेत आहोत.

इथेच थांबू नका. स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो. मग आकडा ६९ ते १०४ दरम्यान कुठेही येईल. तरीही मर्यादेतच, म्हणून ही निवड बरी. स्वतःच्या प्रयोगातही प्रत्येक घटकाबाबत हे विचारायची सवय लावा: हा थोडा चुकला तर माझा निष्कर्ष टिकेल का?

एलईडीच्या रेझिस्टरचा हिशेब बरेच जण ६ व्होल्ट धरून करतात: ६ वजा २, भागिले २० मिलिअँपिअर, म्हणजे २०० ओहम. पण साध्या ५५५च्या आउटपुटला सुमारे दीड व्होल्ट कमी मिळतो. त्यामुळे प्रत्यक्षात साडेबारा मिलिअँपिअरच वाहतात आणि दिवा मंद लागतो. प्रत्येक एलईडीला वेगळा १५० ओहमचा रेझिस्टर द्या आणि मल्टिमीटरने मोजून घ्या. कागदावरचा आकडा वहीत लिहा, मोजलेला त्याच्या शेजारी लिहा.

स्विच तीन पोझिशनचा, मधे बंद असणारा, सहा पायांचा घ्या. एक बाजू सेल जोडते, दुसरी डावा-उजवा निवडते. म्हणजे इंडिकेटर बंद असताना टायमर सेल खात नाही. तो हँडलवर अंगठ्याजवळ बसवा, ब्रेकवरचा हात काढावा लागता कामा नये. वायर हँडलपाशी थोडी सैल सोडा, नाहीतर वळवताना तुटेल. मागचे दिवे कॅरिअरच्या दोन टोकांना बसवा.

दिवे लुकलुकले. आता खरा प्रयोग. सायकल कॅम्पसच्या बंद रस्त्यावर स्टँडला लावा. रहदारीत, ज्यांना काही सांगितलेलं नाही अशा लोकांवर ही चाचणी करू नका. तयार असलेल्या मित्राला १०, ३० आणि ५० मीटरवर उभं करा. फासा टाका: १-२ आलं तर डावा, ३-४ आलं तर उजवा, ५-६ आलं तर काहीच नाही. फासा मित्राला दिसू द्यायचा नाही. त्याने फक्त "डावा", "उजवा" किंवा "नाही" एवढंच सांगायचं. प्रत्येक अंतरावर ३० वेळा, दुपारी आणि रात्री. लक्षात ठेवा, डोळे मिटून उत्तरं दिली तरी ३० पैकी सरासरी १० बरोबर येतील. म्हणून तुमच्या निकालाची तुलना शून्याशी करायची नाही, या १०शी करायची.

मग नुसती टक्केवारी काढू नका, चुका वेगळ्या करा. दुपारी उजवा लागलेला असताना "नाही" उत्तर आलं, तर प्रकाश कमी पडतोय किंवा एलईडीचा अरुंद झोत भलतीकडे जातोय. रात्री दिसलं, पण उजव्याला "डावा" म्हटलं, तर कारण वेगळं: अंधारात एकटा लुकलुकणारा ठिपका सायकलच्या कुठल्या बाजूला आहे, हे ठरवायला डोळ्याला काही आधारच नसतो. तिथे जास्त प्रकाशाचे एलईडी लावून फायदा नाही. मधोमध सतत पेटणारा लाल दिवा लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. एकच "७० टक्के बरोबर" हा आकडा तुम्हाला यातलं काहीही सांगणार नाही.

शेवटी अहवालात दावा मोजकाच करा: एक निरीक्षक, थांबलेली सायकल, रिकामा रस्ता. पाऊस, समोरून येणारे हेडलाइट, घाईतला रिक्षावाला यांच्याबद्दल या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून रस्त्यावर वळताना मागे बघणं आणि हात दाखवणं चालूच ठेवा.