पहाटे एकदा, दुपारी एकदा : मस्कतमध्ये जुनी वेगवान हॅचबॅक पारखताना

ज्या आखूड गाडीचा मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो आणि जिला वेगळी डिकी नसते तिला हॅचबॅक म्हणतात. अशाच एखाद्या घरगुती गाडीत जास्त ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक बसवून कंपनीनेच काढलेल्या वेगवान आवृत्तीला जगभर ‘हॉट हॅच’ हे नाव पडले आहे. फोक्सवॅगनने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली आणि १९७६ पासून विकायला काढलेली ११० अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय ही या जातीतली सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. कंपनीने सुरुवातीला अशा केवळ ५००० गाड्या काढायचे ठरवले होते, पण पुढे तिच्या एकामागून एक पिढ्या निघत राहिल्या.

महाराष्ट्रात हॅचबॅक लाखोंनी बनल्या, तरी त्यांची ही वेगवान बहीण इथे फारशी नांदली नाही. रांजणगावात तयार झालेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली आणि थोड्याच वर्षांत गेली, २०१६ मध्ये बाहेरून आणलेली तीन दारांची पोलो जीटीआय मोजक्याच घरांत पोचली, आणि खुद्द गोल्फ जीटीआय भारतात आली ती थेट २०२५ मध्ये, सुमारे ५३ लाखांच्या किमतीने. त्यामुळे पुण्या-मुंबईकडून ओमानला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला ही गाडी प्रथम परवडते ती बहुधा मस्कतच्या जुन्या बाजारात, कारण करार संपून मायदेशी परतणाऱ्याला ठरल्या दिवसाआधी गाडी विकावीच लागते आणि उरलेल्या दिवसांबरोबर तिची किंमतही उतरत जाते.

मस्कतमधील वादी अदाई ही वस्ती अशी गाडी पारखण्याच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे आणि पावसात अचानक फुगणारे ओढ्याचे पात्र. आमरातच्या बाजूने उघड्याबोडक्या डोंगरांच्या घळईतून उतरणारे हे पात्र वस्तीजवळून पुढे कुरुमला समुद्राला मिळते, आणि आमरातला व तिथून कुरियातला जाणारा रस्ताही त्याच घळईतून चढतो. ज्या तीन गोष्टी टर्बो बसवलेल्या इंजिनाची आणि नाजूक गिअरबॉक्सची कसोटी पाहतात, म्हणजे उष्णता, चढ आणि पुराचे पाणी, त्या इथे दोन-चार मैलांत एकत्र येतात.

गाडी एकदाच पाहून सौदा करणे ही इथली सर्वांत महागडी चूक ठरते. इंजिनाचे खरे बोलणे ते पूर्ण थंड असताना सुरू केल्यावरच ऐकू येते, म्हणून जाणता ग्राहक आधी बॉनेटवर हात ठेवून पाहतो. मात्र मस्कतच्या उन्हाळ्यात हा पडताळा फसवा आहे, कारण नुसती उभी असलेली गाडीही उन्हाने भाजून निघते. याच रस्त्यावरच्या कुरियातमध्ये २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांतील सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश नोंदले गेले, यावरून रात्रसुद्धा लोखंडाला किती कमी थंड करते याची कल्पना यावी. तेव्हा पहिली भेट सूर्योदयापूर्वी ठेवावी, आणि किल्ली फिरवण्याआधी निदान-यंत्र, म्हणजे ज्याला गराजवाले ‘कॉम्प्युटर लावणे’ म्हणतात ते जोडून कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच आहे ना हे पाहावे. ते दहा-वीस अंशांनी जास्त दिसले तर विक्रेत्याने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती, असे समजून दुसरा दिवस मागावा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सुरुवातीच्या दोन सेकंदांसाठी. गोल्फ जीटीआयच्या सहाव्या पिढीतील इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट साखळीने फिरतो आणि ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो; २०१२ च्या सुमारास सुधारणा होण्यापूर्वीचे टेन्शनर कमकुवत निघाले, आणि ते सैल पडले की थंड इंजिन सुरू होताना पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो व ऑइल चढताच थांबतो. गरम इंजिनात हा आवाज येतच नाही. साखळी एकदा घसरली की झडपा पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. पाचव्या पिढीच्या २०० अश्वशक्तीच्या इंजिनात दुखणे वेगळ्या जागी आहे : तिथे पेट्रोलचा दाब वाढवणारा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि दोघांच्या मध्ये बाटलीच्या बुचाएवढी पोलादी टोपी असते, तिला कॅम फॉलोअर म्हणतात. पंपाचे तीन बोल्ट काढले की ती हातात येते. तिच्या तळावरचा काळा लेप शाबूत असला तर उत्तम, लेप जाऊन पांढरी चकाकी दिसू लागली तर बदलायची वेळ झाली, आणि मधोमध भोक पडले असेल तर कॅमशाफ्टही खाल्ला गेला असे समजावे. सुटा भाग अगदी स्वस्त, पण न पाहण्याचा दंड फार मोठा; म्हणून विक्रेत्याने तो उघडू दिला नाही तर त्या नकाराचाही किमतीत हिशेब धरावा.

गिअरबॉक्सच्या बाबतीत नावाचा घोळ आधी सोडवला पाहिजे. डीएसजी म्हणजे दोन क्लचांचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, ज्यात एक क्लच चालू गिअर धरतो तेव्हा दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार असतो. गोल्फ जीटीआयच्या पाचव्या ते सातव्या पिढीत प्रामुख्याने सहा गिअरांचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचांचा प्रकार आहे आणि त्याचे ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. साध्या गोल्फमध्ये किंवा चाकणच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये असणारा सात गिअरांचा प्रकार कोरड्या क्लचांचा आहे. या कोरड्या प्रकारात उष्ण, दमट हवेत आणि रडतखडत चालणाऱ्या वाहतुकीत विजेचा बिघाड होऊ शकतो म्हणून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लाखो गाड्या परत बोलावून कृत्रिम ऑइलऐवजी खनिज ऑइल भरून दिले. उष्ण, दमट हवेचे हे वर्णन मस्कतला तंतोतंत लागू पडते, आणि म्हणून जीटीआयच्या रूपाने सजवलेली साधी गोल्फ कमी पैशांत मिळते म्हणून घेणाऱ्याने नेमका कोणता गिअरबॉक्स पदरात पडतो आहे हे चॅसी नंबरावरून तपासून घ्यावे.

त्यानंतरचा प्रश्न रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवण्याचा. सातव्या पिढीची जीटीआय कारखान्यातूनच ३५० न्यूटन-मीटर इतके टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, घेऊन येते आणि तिचा सहा गिअरांचा डीएसजी नेमका तेवढ्याच पिळासाठी बनवलेला आहे, तेव्हा वर चढवलेला प्रत्येक आकडा क्लचांच्या आयुष्यातून वजा होतो. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत घातली जाते आणि जुन्या बिघाडांच्या नोंदीही पुसल्या जातात. परंतु नोंदी पुसल्या की संगणकातील स्वयंतपासण्याही कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला निरनिराळ्या वेगाने बरेच अंतर चालावे लागते. यंत्रावर ‘बिघाड नाही’ आणि त्याच वेळी ‘तपासण्या अपूर्ण’ असे दिसले, तर तो स्वच्छपणा ताजा आहे हे उघड होते. या एका ओळीकडे जितके कमी ग्राहक पाहतात तितके नुकसान अधिक होते.

पाण्याचा माग मात्र यंत्राला लागत नाही. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने मस्कतवर पाऊस ओतला तेव्हा या वादीचे पाणी कुरुमपर्यंत सारे बुडवत गेले, २०१० मध्ये फेट आले, ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन आले, आणि दर वेळी बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात उतरल्या. धुणारा गालिचे आणि सीट वाळवतो, सुगंधी फवारा मारतो. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून पाहत नाही. तो पूर्ण बाहेर काढला की गुंडाळीच्या आतल्या भागावर पाण्याची रेघ कायमची उमटलेली दिसते. स्टेपनीच्या खड्ड्यातली पिठासारखी बारीक माती, सीटच्या रुळांवरचा तांबडा गंज आणि फ्यूजपेटीतल्या पितळी जोडण्यांवर चढलेला हिरवा थर हे तीन साक्षीदार त्याच्याशी जुळले, तर पुढे काही पाहण्याचे कारण उरत नाही, मग गाडी कितीही देखणी असो.

दुसरी भेट भर दुपारची. एसी लावून गाडी वीस मिनिटे जागेवर उभी ठेवली असता आतील हवा थंडच राहते का आणि तापमानाचा काटा मधोमध टिकतो का, हे त्याच वेळी कळते. आखाती देशांसाठी बनवलेल्या गाड्यांना, ज्यांना जाहिरातींत ‘जीसीसी’ म्हणतात, इथल्या उन्हाचा विचार करूनच थंड करण्याची व्यवस्था दिलेली असते. अमेरिकेतून अपघातानंतर आणलेली स्वस्त गाडी दुपारच्या या परीक्षेत सहसा उघडी पडते. सातव्या पिढीच्या इंजिनाला प्लास्टिकचे थर्मोस्टॅट-घर आहे आणि ते गळू लागले की खाली गुलाबी पापुद्रा साचतो, तो टॉर्च लावून शोधावा. टायरचे रबर कितीही काळे दिसो, बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत त्याचे वय असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इथल्या उन्हात रबर झिजण्याआधीच कडक होते.

उतरत्या उन्हात गाडी घळईतून आमरातपर्यंत चढवावी आणि परतताना बौशरकडे उतरणारा डोंगरी रस्ता धरावा. चढावर पाय पूर्ण दाबला असता पीळ सलग वाढला पाहिजे, गिअर बदलताना धक्का बसता कामा नये. उतारावर खालचा गिअर ठेवून अधूनमधून ब्रेक लावले असता स्टिअरिंग थरथरू नये.

कागदपत्रांचे काम तुलनेने सरळ आहे. मुल्किया, म्हणजे रॉयल ओमान पोलिसांनी दिलेले नोंदणीपत्र, त्यावर बँकेचा बोजा नसणे, दंड भरलेले असणे आणि खरेदीदाराच्या नावे विमा तयार असणे, एवढे जमले की नाव बदलते. ‘एजन्सी मेंटेन्ड’ या जाहिरातीतल्या शब्दांना मात्र पावत्यांशिवाय किंमत देऊ नये. साखळी, गिअरबॉक्सचे ऑइल आणि थर्मोस्टॅट या तीन कामांच्या तारखा व किलोमीटर पावतीवर नसतील, तर ती तिन्ही कामे आपल्यालाच करायची आहेत असे धरून गराजकडून आधी अंदाज घ्यावा आणि तो आकडा मागितलेल्या किमतीतून वजा केल्यावरच रियालांची बोलणी सुरू करावी.