शौकिनांच्या तोंडचे खाशाबा

आमच्या जामखेडला नागपंचमीला नागेश्वराची यात्रा भरते आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. लहानपणी मी तो मामूंच्या खांद्यावर बसून पाहिला. मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पेशानं शिंपी. त्यांनी स्वतः कधी लंगोट लावला नाही की शड्डू ठोकला नाही. पण कुठल्या जत्रेत कुणी कुणाला कोणत्या डावावर अस्मान दाखवलं, हे त्यांना मुखोद्गत. मशीनवर पाय चालायचा आणि तोंडात कुस्ती चालायची. बाह्या शिवून होईपर्यंत दोन-चार पैलवान चितपट झालेले असायचे.

या सगळ्यांत त्यांचा लाडका पैलवान एकच, खाशाबा जाधव. "सहा फुटी गडी," मामू हात वर करून सांगायचे. "सदरा शिवायचा म्हटला तर तीन वार कापड कमी पडेल, अशी छाती." मला ते खरंच वाटायचं. माप घेण्यात मामूंचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

पुढं कॉलेजात गेल्यावर वाचनात आलं, की खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट होती आणि ज्या गटात ते ऑलिम्पिकला खेळले, त्याची वजनाची मर्यादा 57 किलो होती. मी घरी आल्यावर मोठ्या ऐटीत ते मामूंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू मोजलं होतंस का?"

मी मोजलं नव्हतं. पण मामूंनी तरी कुठं मोजलं होतं? त्यांनी खाशाबांना जन्मात कधी पाहिलंही नव्हतं. मग कापडात बोटभर चूक न करणारा हा माणूस एका पैलवानाच्या मापात अर्धा फूट कसा चुकला, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी कुस्तीचा शौकीन म्हणजे काय, ते सांगतो. क्रिकेटला धावफलक असतो, प्रत्येक चेंडूची नोंद होते. पन्नास वर्षांनी वही उघडली तरी कोण किती धावांवर बाद झाला ते कळतं. जत्रेतल्या मातीच्या कुस्तीला असली वही नाही. हलगी कडाडते, जोड लागते, खडाखडी होते आणि एकाची पाठ मातीला लागली की निकाल. वस्ताद फेटा बांधतो, इनाम दिलं जातं, माणसं पांगतात. त्या कुस्तीचं पुढं काय उरतं? फडाभोवती बसलेल्या माणसांनी जे डोळ्यांत साठवलं, तेवढंच. कुणी, कुणाला, कुठं आणि कोणत्या डावावर, या चार गोष्टी चोख सांगणारा तो खरा शौकीन. खोटं सांगितलं तर शेजारी बसलेला दुसरा शौकीन जागच्या जागी कान धरतो. म्हणून फडावरची आठवण वाटते तितकी कच्ची नसते. ती तपासून घेतलेली असते.

(कवी माणूस आहे, म्हणून जाता जाता एक शब्दांची गंमत. तालीम हा शब्द अरबी, पैलवान फारसी, वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. आणि त्याच तालमीत भिंतीवर मारुतीराया. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद मिसळतात, तशी ही भाषाही मिसळलेली आहे. तिला कधी कुणी वेगळं करू गेलेलं नाही.)

खाशाबांच्या बाबतीत अडचण अशी झाली, की त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कुस्त्या जिथं झाल्या, तिथं आपला एकही शौकीन हजर नव्हता.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडीलही पैलवान. शाळा कराडची टिळक हायस्कूल. पुढं कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. तिथं वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव द्यायला गेले, तेव्हा अंगकाठी पाहून त्यांना नकार मिळाला, असं सांगतात. त्यांनी थेट प्राचार्य खर्डेकरांना गाठलं. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्याहून थोराड गडी एकामागून एक पाडले. म्हणजे त्यांना समोर पाहणाऱ्यांनाही ते पैलवान वाटत नव्हते, हे ध्यानात घ्या.

1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला तिथं गादीवर खेळायचं होतं. माती आणि गादी यांत फरक काय? मातीत पाय रुततो. अंगाला माती चोळली की पकड घट्ट बसते, कुस्तीला घड्याळ नसतं आणि पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही. गादीवर पाय झरझर फिरतो, घामेजलेलं अंग निसटतं, वेळ ठरलेली असते आणि पाठ टेकली नाही तरी पंच गुण मोजून विजेता ठरवतात. जत्रेतला आणखी एक रिवाज म्हणजे तिथं वजनाचा काटा नसतो. वस्तादांच्या नजरेला जोड बरी वाटली की झालं. असल्या फडात हलक्या गड्याला तरायचं तर चपळाईला पर्याय नाही. खाशाबांचा हुकमी डाव म्हणून 'ढाक' सांगितला जातो. समोरच्याची मान आणि हात काखेत आवळायचा, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि त्याच्याच वजनानं त्याला पाठीवर टाकायचं. या डावात समोरचा जितका जड, तितका जोरात पडतो. बुटक्या माणसाची कंबर मुळातच खाली असते. म्हणजे त्यांचा बुटकेपणा हे त्यांचं हत्यार होतं आणि मामूंनी नेमकं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं!

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची कथा शौकीन सर्वांत रंगवून सांगतात, आणि तिच्यात रंगवायची गरज फारशी नाही. निवडीच्या वेळी मद्रासला ते एका गुणानं हरल्याचा निकाल लागला. त्यांनी दाद मागितली आणि पतियाळाच्या महाराजांच्या शब्दामुळं पुन्हा कुस्ती लावली गेली. ती त्यांनी चितपट मारली, असं सांगतात. निवड झाली, पण जायला पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी, कराडच्या दुकानदारांनी जमेल तसा हात लावला. सात हजार हा आकडा आज लहान वाटेल. ज्या काळात शाळामास्तराचा पगार शंभराच्या आत असे, त्या काळातली ही रक्कम आहे.

स्पर्धेचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. तेव्हा हरणाऱ्याला दोषगुण मिळत आणि नुसत्या गुणांवर जिंकणाऱ्यालाही एक दोषगुण चिकटे. चितपट मारली तरच पाटी कोरी राहायची. दोषगुण साचले की पैलवान बाद. म्हणजे गादीवरच्या त्या परक्या खेळातही मातीची जुनी शिकवण कामाला येत होती, की पाठ टेकवा! खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला चितपट केलं, जर्मनीच्या श्मित्झला गुणांवर हरवलं. शेवटच्या तिघांत आल्यावर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव या दोघांकडून ते हरले. पंधरा मिनिटांच्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणं विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं आणि दाद मागायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता, अशी हकीकत आहे. इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आल्यानं तो कुस्तीकडं वळला होता. त्याचं हेलसिंकीतलं सुवर्ण हे जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं एकमेव सुवर्ण. खाशाबा हरले ते असल्या गड्याकडून.

तारीख होती 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, कांस्य. आणि दुसऱ्याच दिवशी, 24 जुलैला, भारतीय हॉकी संघानं हॉलंडला 6-1 असं हरवून सुवर्ण जिंकलं. एकट्या बलबीर सिंगांनी पाच गोल मारले. आता सांगा, वर्तमानपत्रात मोठी जागा कुणाला मिळणार? खाशाबांची बातमी चार ओळींत आली असेल तर नवल नाही. आमच्या जामखेडला तेव्हा वर्तमानपत्र यायचं तेच शिळं होऊन.

आता मामूंच्या मापाकडं परत येऊ. 1952 मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे होते. त्यांच्या हाती काय आलं? एक नाव, एका परक्या शहराचं नाव, आणि 'पदक' हा शब्द. कोणत्या डावावर, किती मिनिटांत, हे सांगणारा माणूस नाही. हलगी ऐकलेला माणूस नाही. शौकिनाची सगळी वही कोरी. आणि शौकिनाला कोरी वही सहन होत नाही. त्यानं आजूबाजूला पाहिलं. 1959 ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. पाठोपाठ गणपतराव आंदळकर, मारुती माने ही नावं गाजू लागली. मैदानात आले की हत्ती आल्यासारखं वाटावं अशी ही माणसं. पैलवान म्हणजे असा, ही ओळख पक्की होत गेली आणि जो सगळ्यांत दूर जाऊन लढला, त्याला याहून लहान कसं ठेवायचं? मामूंनी त्याला सहा फुटाचा सदरा शिवला. मला पूर्वी ही बढाई वाटायची. आता वाटतं, जे पाहायला मिळालं नाही त्याची ती भरपाई होती.

पण एक गोष्ट मामूंनी कधी वाढवून सांगितली नाही, ती म्हणजे कर्जाची. हेलसिंकीहून परतल्यावर कराडहून गोळेश्वरापर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले, असं सांगतात. ती मिरवणूक सांगताना मामू घाई करायचे. थांबायचे ते पुढं. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. "पदक आणलं ते ठीक," मामू म्हणायचे, "घर सोडवलं ना!" उधारीवर कपडे शिवून देणाऱ्या माणसाला या गोष्टीतलं काय कळलं असेल, ते मला दुकान बंद पडल्यावर उमगलं.

शौकिनांच्या आठवणीत खोटही आहे, तीही सांगायला हवी. त्याच हेलसिंकीला कोल्हापूरचे केशव माणगावे हेही गेले होते. खाशाबांच्या वरच्या गटात ते चौथे आले. पदकापासून एक पायरी खाली. मामूंच्या तोंडून मी त्यांचं नाव एकदाही ऐकलं नाही. 1920 साली अँटवर्पला रणधीर शिंदेही चौथेच आले होते. त्यांचंही नाही. फड जिंकणाऱ्याला डोक्यावर घेतो आणि झुंजून हरलेल्याला धूळ झटकत घरी जाऊ देतो. या बाबतीत आम्ही शौकीन आणि सरकार यांत फारसा फरक नाही.

सरकारचं म्हणाल तर, खाशाबा 1955 साली मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. मी तेव्हा शाळेत होतो. दुकानात कुणीतरी बातमी वाचून दाखवली. मामूंनी कुणाच्या तरी अर्ध्या शिवलेल्या पायजम्यावर कात्री ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, 2000 सालचा. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला अकादमी उभारण्याचं आश्वासन रेंगाळलं, म्हणून 2017 मध्ये ते पदक लिलावात काढण्याची भाषा कुटुंबीयांना करावी लागली. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 2024 साल उजाडावं लागलं. पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं. बहात्तर वर्षांनी! आणि ते आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर, गोळीगणिक गुण मोजत पाहिलं. स्वप्नीलची उंची वाढवायला आता कुणाला वाव नाही.

2025 च्या मार्चमध्ये शेजारच्या कर्जतला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. मी गेलो होतो. माती वेगळी, गादी वेगळी, झगझगीत दिवे, मोठे पडदे. माझ्या शेजारी पटक्याचे एक म्हातारबाबा बसले होते, सोबत नातू. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात ते नातवाला सांगत होते, "खाशाबा जाधव म्हणून गडी होता बघ. सहा फुटी. परमुलखात जाऊन ढाकेवर पाडले सगळे."

पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.